इंटरनेटची तटस्थता : सर्वांना सारखी वाट

२८ डिसेंबर २०१५ रोजी एका इंग्रजी दैनिकात फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखात त्यांनी महाराष्ट्रातील गणेश नावाच्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला होता. गणेशने 'फ्री बेसिक्स' या फेसबुकच्या मोफत सेवेवरून हवामानाचा अंदाज पाहिला, शेतमालाचे भाव तपासले आणि पुढे नवी पिके व जनावरे यांत पैसा गुंतवला, असे झुकेरबर्ग यांचे म्हणणे होते. गणेशला आपली शेती अधिक चांगली करता आली तर त्यात इंटरनेटचे काय बिघडले, असा सवाल त्यांनी केला होता.

वरवर पाहता हा सवाल बिनतोड वाटतो. अमरावती-अकोल्याच्या कपाशीच्या पट्ट्यात पावसाचा अंदाज चुकला की दुबार पेरणी कपाळी येते. अशा शेतकऱ्याला हवामानाची माहिती फुकट मिळत असेल, तर तिला विरोध करणारा माणूस शेतकऱ्याचा वैरीच म्हणायचा! तरीही त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे 'ट्राय'ने अशा सेवांना मनाई करणारे नियम जारी केले आणि 'फ्री बेसिक्स'ला भारतातून गाशा गुंडाळावा लागला. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर 'नेट न्यूट्रॅलिटी' म्हणजेच इंटरनेटची तटस्थता ही संकल्पना समजून घ्यावी लागेल. शब्द परका असला, तरी त्यामागचे तत्त्व वऱ्हाडाला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

कापसाच्या बाजारातला धडा

देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ मध्ये वऱ्हाडातल्या कारंजा येथे सुरू झाली. पुढे १८९७ साली खास वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी दरात मिळावा, हा त्यामागील इंग्रजांचा स्वार्थ होता, हे खरे. पण त्यातून एक तत्त्व या भूमीत रुजले. बाजाराचे आवार चालवणाऱ्याने वजनमाप ठरलेले ठेवावे, शुल्क ठरलेले घ्यावे आणि मनाला येईल तशी कपात करू नये. कापूस कोणत्या गावचा आणि तो कोण विकत घेणार, यावरून काटा हलता कामा नये.

हाच विचार रेल्वेच्या कायद्यातही दिसतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत जाऊ लागला. अशा वेळी रेल्वे कंपनीने एका व्यापाऱ्याच्या गाठी आधी पाठवून दुसऱ्याच्या फलाटावर कुजवत ठेवल्या असत्या, तर दुसरा व्यापारी बुडालाच असता. म्हणून १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ४२ व्या कलमाने रेल्वे कंपन्यांना कोणाही विशिष्ट व्यक्तीला किंवा मालाला गैरवाजवी झुकते माप देण्यास मनाई केली. वाट ज्याच्या मालकीची आहे, त्याने वाटसरूंमध्ये आपपरभाव करू नये, हे ते तत्त्व. इंटरनेटची तटस्थता म्हणजे हेच तत्त्व माहितीच्या वाटेला लागू करणे होय.

ही वाट कशी चालते?

आपण भ्रमणध्वनीवर एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा आपली मागणी जवळच्या मनोऱ्यावर जाते. तेथून ती सेवादाता कंपनीच्या जाळ्यातून तारांवाटे त्या संकेतस्थळाच्या संगणकापर्यंत पोहोचते आणि उत्तर त्याच मार्गाने परत येते. ही सारी माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपात प्रवास करते. प्रत्येक पुडक्यावर ते कोठून आले आणि कोठे जायचे, याचा पत्ता असतो. टपाल खात्याने जसे पत्त्यावरून पत्र पोहोचवावे, पण पाठवणारा कोण हे पाहून उशीर करू नये, तशीच अपेक्षा सेवादाता कंपनीकडून असते.

पत्ता वाचता येत असल्यामुळे मनात आणले तर कंपनी चार प्रकारे ढवळाढवळ करू शकते. एक, एखादे संकेतस्थळ वा ॲप पूर्णपणे अडवणे. दोन, ते मुद्दाम संथ करणे. तीन, पैसे मोजणाऱ्या संकेतस्थळाला वेगवान मार्गिका देणे. आणि चार, काही संकेतस्थळांसाठी डेटाचा दर शून्य किंवा कमी ठेवून इतरांसाठी पूर्ण दर आकारणे. पहिले तीन प्रकार चटकन अन्यायाचे वाटतात. चौथा मात्र उपकारासारखा भासतो. भारतातील खरा वाद याच चौथ्या प्रकारावर झाला.

रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. समजा, अमरावतीतील एक विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या कंपनीने एका बड्या शिकवणी ॲपशी करार केला आणि त्या ॲपवरच्या चित्रफिती मोफत केल्या. त्याच शहरातील एका अनुभवी शिक्षकाचे छोटे संकेतस्थळ अधिक चांगले आहे, परंतु ते पाहताना डेटा खर्च होतो. महिन्याच्या शेवटी, डेटा संपत आला असताना, ती काय निवडेल? अथवा अकोल्यातील एखादा व्यापारी स्वतःच्या संकेतस्थळावरून डाळ विकू लागला आणि एखाद्या मोठ्या विक्री कंपनीने सेवादात्याला पैसे देऊन आपले दुकान 'फुकट' उघडेल अशी सोय केली, तर त्या व्यापाऱ्याने मालाचा दर्जा कितीही सांभाळला तरी गिऱ्हाईक त्याच्या दारापर्यंत येणारच नाही. कोणी त्याचे दुकान बंद केलेले नसते. फक्त त्याच्या दुकानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाका बसलेला असतो.

वादाचा इतिहास

'नेटवर्क न्यूट्रॅलिटी' हा शब्दप्रयोग रूढ केला तो अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक टिम वू यांनी, २००३ मधील आपल्या निबंधाद्वारे. ही भीती केवळ पुस्तकी नाही, हे २००७ मध्ये दिसून आले. कॉमकास्ट ही तेथील मोठी कंपनी 'बिटटोरेंट' या माध्यमातून होणारी फायलींची देवाणघेवाण गुपचूप रोखत असल्याचे त्या वर्षी उघडकीस आले. पुढच्या वर्षी तेथील नियामक आयोगाने कंपनीला फटकारले.

भारतात ठिणगी पडली ती डिसेंबर २०१४ मध्ये. इंटरनेटवरून केल्या जाणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे आकारण्याची घोषणा एअरटेलने केली आणि ग्राहकांच्या रोषामुळे काही दिवसांतच ती मागे घेतली. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायने या विषयावर चर्चापत्र प्रसिद्ध केले. पाठोपाठ एप्रिलमध्ये 'एअरटेल झीरो' ही योजना आली. ॲपच्या मालकाने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट वापरू द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. विरोध इतका वाढला की १४ एप्रिल रोजी फ्लिपकार्टने त्या योजनेतून अंग काढून घेतले. नियम कसे असावेत, हे सांगणारे दहा लाखांहून अधिक ई-मेल नागरिकांनी ट्रायकडे पाठवले. दूरसंचारासारख्या रुक्ष विषयावर सामान्य ग्राहकाने इतक्या मोठ्या संख्येने मत मांडावे, हे नवल होते.

या वादाचा महाराष्ट्राशी थेट संबंध होता. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही सेवा भारतात आणली, तेव्हा सुरुवातीच्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता आणि सेवेच्या भाषांत मराठीचा. सप्टेंबर २०१५ मध्ये तिचेच नाव 'फ्री बेसिक्स' झाले. निवडक संकेतस्थळे डेटाचे पैसे न देता पाहता येतील, हे तिचे आश्वासन होते. संकेतस्थळांना त्यात शिरायचे तर फेसबुकने घातलेल्या तांत्रिक अटी पाळाव्या लागत आणि सारी वाहतूक फेसबुकच्या संगणकांमधून जात असे.

गणेशच्या प्रश्नाचे उत्तर

आता झुकेरबर्ग यांच्या सवालाकडे वळू. गणेशला हवामानाची माहिती मिळाली, यात वाईट काहीच नाही. प्रश्न असा की कोणाची माहिती मिळाली आणि ती कोणी निवडली? अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ उभे आहे. विदर्भाची जमीन, येथील वाण, येथील किडी यांवर तेथे संशोधन चालते. समजा, मोफत यादीत या विद्यापीठाचे संकेतस्थळ नाही आणि दुसऱ्याच कोणाचे कृषी सल्ल्याचे ॲप आहे. मग बाळापूरचा शेतकरी कोणाचा सल्ला घेईल? जे फुकट उघडते, त्याचाच. बोंडअळीवर कोणते औषध फवारावे, हा सल्ला जर औषध विकणाऱ्याच्याच ॲपवरून फुकट मिळत असेल आणि विद्यापीठाचा सल्ला मात्र डेटा खर्चून, तर या 'मोफत' सेवेची किंमत शेवटी शेतकऱ्यालाच मोजावी लागेल.

दूरसंचार कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती सरसकट झटकण्याजोगी नाही. मनोरे उभारायला, ध्वनिलहरी लिलावात घ्यायला अफाट भांडवल लागते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला थोडे मिळाले तर वाईट काय, हा त्यांचा युक्तिवाद माणुसकीचा वाटतो. परंतु या 'थोड्या'ची निवड गरीब माणूस करत नाही. इंटरनेटची ताकद अशी की त्यावर वाचणारा उद्या लिहिणाराही होऊ शकतो, घेणारा विकणाराही होऊ शकतो. ठरावीक यादीत बंद केलेल्या ग्राहकाकडून ही दुसरी शक्यता हिरावली जाते. श्रीमंताला संपूर्ण ग्रंथालय आणि गरिबाला निवडून दिलेली चार पुस्तके, अशी ती वाटणी होते.

ट्रायने ९ डिसेंबर २०१५ रोजी या दरभेदावर स्वतंत्र चर्चापत्र काढले. ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमांनी निकाल दिला : मजकूर कोणता आहे, यावरून डेटाचा वेगळा दर आकारता येणार नाही. नियम मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये व कमाल ५० लाख रुपयांपर्यंत आर्थिक दंडाची तरतूद झाली. आणीबाणीच्या प्रसंगी दर कमी करण्याची मुभा तेवढी ठेवण्यात आली. उरलेले तीन प्रकार, म्हणजे अडवणे, संथ करणे आणि वेगवान मार्गिका देणे, यांविषयीच्या शिफारशी ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ रोजी केल्या. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्या स्वीकारून कंपन्यांच्या परवान्यांत तशा अटी घातल्या.

मग ज्याच्याकडे काहीच नव्हते, त्याचे काय झाले? सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओ बाजारात उतरली आणि कंपन्यांमध्ये दरयुद्ध पेटले. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी अडीचशे रुपयांहून अधिक पडत, ते २०१८ पर्यंत बारा रुपयांच्या आसपास आले. ही स्वस्ताई स्पर्धेने आणली, तटस्थतेच्या नियमाने नव्हे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र स्वस्त झालेला तो डेटा ग्राहकाला हवे तेथे वापरता आला, तो या नियमामुळे. मूठभर संकेतस्थळांचे कुंपण तेव्हाच पक्के झाले असते, तर ही स्वस्ताई कुंपणाच्या आतच राहण्याचा धोका होता.

काय बसते, काय बसत नाही

या नियमाविषयी काही गैरसमजही आहेत. जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त वेग किंवा अधिक डेटा देणे, हा तटस्थतेचा भंग नव्हे; कारण तो भेद ग्राहकाच्या योजनेवर ठरतो, संकेतस्थळावर नव्हे. दिवसाचा ठरलेला डेटा संपल्यावर वेग कमी होतो, तो सर्वच संकेतस्थळांसाठी सारखा कमी होत असेल, तर त्यालाही हरकत नाही. जाळ्यावर ताण आला असता तात्पुरते आणि पारदर्शक नियोजन करण्यासही मुभा आहे. रिचार्जसोबत एखाद्या चित्रपट ॲपची वर्गणी भेट मिळते, तेव्हा मात्र बारकाईने पाहावे. वर्गणी फुकट असली तरी चित्रपट पाहताना नेहमीप्रमाणेच डेटा खर्च होत असेल, तर ती दुकानदाराने दिलेल्या भेटवस्तूसारखी आहे. त्या ॲपपुरता डेटाच मोजला जात नसेल, तर मात्र तो दरभेद ठरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी आदेशाने होणारी इंटरनेटबंदी. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात हिंसाचारानंतर इंटरनेट सेवा बंद करण्यात आली होती. जाळे बंद पडले की दुकानातले यूपीआय, घरून चालणारे काम, ऑनलाइन शिकवणी असे सगळेच ठप्प होते. पण तो प्रश्न निराळा आहे. तटस्थतेचा नियम कंपनीच्या भेदभावाविरुद्ध आहे, तर बंदीचा आदेश शासन काढते आणि तो सर्वांना सारखाच लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी अनिश्चित काळासाठी असू शकत नाही, असे स्पष्ट केले. दोन्ही प्रश्न नागरिकाच्या हक्काचे असले, तरी दाद मागण्याच्या वाटा वेगळ्या आहेत.

तिसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. हा नियम वाट पुरवणाऱ्या कंपनीला बांधतो; त्या वाटेवरच्या बड्या दुकानांना नव्हे. शोधयंत्राने कोणते संकेतस्थळ वर दाखवावे, समाजमाध्यमाने कोणती बातमी पुढे आणावी, यावर त्याचा अंमल नाही. तटस्थता आहे म्हणून इंटरनेटवर सारे काही समान आहे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

प्रश्न मिटलेला नाही

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथे २०१५ मध्ये तटस्थतेचे नियम झाले, डिसेंबर २०१७ मध्ये ते रद्द करण्याचा निर्णय झाला, एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने ते पुन्हा आणले आणि २ जानेवारी २०२५ रोजी तेथील अपील न्यायालयाने ते मोडीत काढले. सरकार बदलले की नियम बदलले, असा हा खेळ झाला.

भारतात नियम टिकून असला, तरी नव्या दिशेने दबाव वाढतो आहे. चित्रफिती दाखवणाऱ्या आणि संदेश पोहोचवणाऱ्या बड्या कंपन्यांमुळे आमच्या जाळ्यावर भार पडतो, सबब त्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी आहे. ट्रायने जुलै २०२३ मध्ये अशा ॲपच्या नियमनाविषयी पुन्हा चर्चापत्र काढले, तेव्हाही ही मागणी जोरात मांडली गेली. ऐकायला ती रास्त वाटते. परंतु ग्राहकाने डेटाचे पैसे आधीच भरलेले असतात, हे विसरता येत नाही. दक्षिण कोरियात जाळ्याच्या वापराचे शुल्क चढे असल्यामुळे 'ट्विच' ही चित्रफितींची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. शुल्काचा बोजा बडी कंपनी कदाचित पेलेल, कदाचित वर्गणी वाढवून ग्राहकावर ढकलेल. उद्या अमरावतीतील एखाद्या तरुणाच्या नव्या ॲपवरही असेच शुल्क आले, तर त्याने ते कोठून आणायचे?

आणखी एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. भारतातील तटस्थता ट्रायचे नियम आणि परवान्याच्या अटी यांवर उभी आहे. संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने परवान्यांऐवजी अधिकृततेची नवी पद्धत आणली आहे. जुन्या परवान्यांतील या अटी नव्या चौकटीतही तितक्याच ठळकपणे राहतात की नाही, याकडे ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

ग्राहकाने काय करावे?

सामान्य वापरकर्त्यालाही थोडी दक्षता घेता येते. एखादे संकेतस्थळ सातत्याने संथ चालत असेल, तर तेच संकेतस्थळ त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर उघडून पाहावे. दोन्हीकडे संथ असेल, तर दोष बहुधा संकेतस्थळाचा असतो. एकाच कंपनीवर संथ असेल आणि त्याच कंपनीवर बाकी सारे सुरळीत चालत असेल, तर शंकेला जागा आहे. ट्रायच्या 'मायस्पीड' ॲपने वेग मोजून नोंद ठेवता येते. अशी नोंद, तारीख आणि वेळ यांसह कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार करावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. नवी योजना घेताना 'अमुक ॲप अमर्याद' अशी ओळ दिसली, तर तिचा नेमका अर्थ विचारावा. आणि ट्राय जेव्हा चर्चापत्र काढते, तेव्हा आपले मत जरूर कळवावे. २०१५ मध्ये ज्या लाखो लोकांनी ई-मेल पाठवले, त्यांच्यापैकी बहुतेक जण दूरसंचाराचे तज्ज्ञ नव्हते.

कारंजाच्या बाजारात काटा सरळ राहिला, तर त्याचा लाभ एका शेतकऱ्यापुरता नसतो. उद्या पहिल्यांदाच गाडी घेऊन येणाऱ्या अनोळखी शेतकऱ्यालाही त्याचा आधार असतो. इंटरनेटच्या तटस्थतेचेही तसेच आहे. झुकेरबर्ग यांच्या लेखातील गणेशला फुकटचा अंदाज मिळाला, हे चांगलेच झाले. पण त्याला हव्या त्या ठिकाणी जाण्याची वाट खुली राहणे आणि उद्या त्याने स्वतः काही मांडले तर इतरांना त्याच्यापर्यंत पोहोचता येणे, हे त्याहून मोलाचे आहे.